ओल्ड कॉलेजच्या चौकातली मैफल

२०२१च्या ऑगस्टमध्ये मी एडिनबरा विद्यापीठात एमएस्सीच्या शेवटच्या टप्प्यात होते. कोविडमुळे वर्षभराचा अभ्यास खोलीतल्या टेबलावर, लॅपटॉपसमोरच झाला. आपल्याच विद्यापीठाच्या ओल्ड कॉलेजच्या चौकात मी पहिल्यांदा निवांत बसले, ती एडिनबरा इंटरनॅशनल फेस्टिव्हलचं, म्हणजे संगीत-नाटकांच्या इथल्या वार्षिक महोत्सवाचं, तिकीट काढून.

आदल्या वर्षी १ एप्रिलला हा महोत्सव, फ्रिंज (कुणालाही भाग घेता येणारा रंगमंचीय महोत्सव), बुक फेस्टिव्हल, मिलिटरी टॅटू (लष्करी बँडचे संचलन-कार्यक्रम) यांच्यासकट ऑगस्टचे पाचही मोठे महोत्सव रद्द झाले होते. महायुद्धाच्या जखमा ताज्या असताना, १९४७ साली सुरू झालेली परंपरा. तिच्यात असा खंड कधी पडला नव्हता. २०२१मध्ये इंटरनॅशनल फेस्टिव्हलने बंद सभागृहांचा हट्ट सोडला आणि तीन ठिकाणी तात्पुरते मांडव घातले: एडिनबरा पार्क, एका शाळेचं आवार आणि आमच्या विद्यापीठाचा हा चौक. वर छप्पर, बाजू उघड्या. खुर्च्या लांब लांब, कार्यक्रम छोटे, मध्यंतर नाही.

चौक म्हणजे अगदी वाड्याचा असतो तसाच, चारही बाजूंनी दगडी इमारत. वास्तुविशारद रॉबर्ट अ‍ॅडमच्या आराखड्यावर १७८९मध्ये तिचं काम सुरू झालं, पुढे प्लेफेअर या दुसऱ्या वास्तुविशारदाने ते पुरं केलं. घुमटावर मशाल धरलेला सोनेरी तरुण उभा आहे. त्याच्या खाली चौघांनी व्हायोलिन, व्हिओला, चेलो जुळवायला घेतले आणि माझ्या अंगावर काटा आला. दीड वर्षात समोर बसून वाजवणारं माणूस मी पाहिलंच नव्हतं.

वारा बोचरा होता. वादकांनी स्वरलिपीचे कागद चिमट्यांनी स्टँडला घट्ट लावले होते. पान उलटायचं म्हणजे आधी चिमटा काढा, मग पुन्हा लावा. चेलोवाली दोन रचनांच्या मध्ये बोटं काखेत धरून ऊब घेत होती. संथ भागात एक सीगल नेमका घुमटावरून ओरडत गेला. हेडफोनवर ऐकताना असलं काही घडत नाही, आणि मला तेच हवं होतं. आवाज थोडा पसरत होता, मागच्या खुर्च्यांवर खर्जाचा दाणेदारपणा कमी पोचत होता. तरी सभागृहाची सर नाही म्हणून मी एकही गुण कापणार नाही.

त्याच महिन्यात बुक फेस्टिव्हलही १९८३पासूनची शार्लट स्क्वेअरची जागा सोडून विद्यापीठाच्या कला महाविद्यालयात, एडिनबरा कॉलेज ऑफ आर्टमध्ये आला. २०२४पासून तो जवळच, जुन्या रॉयल इन्फर्मरी रुग्णालयाच्या इमारतीत भरतो; तिथे आता विद्यापीठाची फ्यूचर्स इन्स्टिट्यूट आहे. अडचणीच्या काळात बसलेली घडी अशी टिकली, याचा मला फार आनंद आहे. विद्यापीठांकडे आवारं असतात, ऑगस्टमध्ये वर्ग रिकामे असतात, आणि महोत्सवाकडे ती भरणारी माणसं.

अशा भागीदारीकडून माझी मागणी मात्र नुसत्या जागेवर थांबत नाही. तालमीला विद्यार्थ्यांना बसू द्या. दुपारी दोन तास, मागच्या खुर्च्यांवर, वह्या घेऊन. थंडी आम्ही सोसू.