कॉन्ड्रो-गाइड: पडदा उत्तम, पण खरी मदार तळावर

गाइस्टलिख या स्विस कंपनीचं कॉन्ड्रो-गाइड म्हणजे गुडघ्यातली खराब झालेली कूर्चा (हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत आवरण) दुरुस्त करायला डुकराच्या कोलॅजनपासून (प्रकार १ आणि ३; कोलॅजन हे शरीरातलं तंतुमय प्रथिन) केलेला दुपदरी पडदा. एक बाजू गुळगुळीत, घट्ट विणीची; दुसरी खरखरीत आणि सच्छिद्र. त्यात पेशी नसतात. हाडाला पाडलेल्या बारीक छिद्रांतून अस्थिमज्जेचं रक्त वर येतं, त्यातल्या पेशी पेशंटच्या स्वतःच्याच. पडदा फक्त त्या रक्ताची गुठळी जागेवर धरून ठेवतो. एवढंच काम, पण ते चोख करतो.

साध्या मायक्रोफ्रॅक्चरवर (नुसती छिद्रं पाडायची, पडदा नाही) भागत असेल तर हा खर्च कशाला, हा रास्त प्रश्न आहे. ४७ पेशंटांच्या तुलनात्मक चाचणीत पहिली २ वर्षं दोन्हींत फारसा फरक दिसला नाही. ५ वर्षांपर्यंत मात्र नुसत्या मायक्रोफ्रॅक्चरचा गट घसरला आणि पडद्याचा टिकला. चाचणी लहान आहे, हे खरं. तरी केवळ २ वर्षांचे निकाल दाखवून कुणी 'दोन्ही सारखंच' म्हणालं, तर ते अर्धंच चित्र.

फसतं ते बहुतेक तळाच्या, म्हणजे पडदा बसवायच्या खड्ड्याच्या, तयारीत. खराब कूर्चा खरवडून कडा उभ्या आणि पक्क्या करायच्या. उतरती कड राहिली की गुठळीला आधारच मिळत नाही. तळाशी कॅल्शियमयुक्त पातळ थर असतो, तो क्युरेटने (खरवडायच्या चमच्यासारख्या हत्याराने) काढायचा, पण त्याखालचं हाड खरवडायचं नाही. मग ३ ते ४ मिमी अंतरावर छिद्रं. ती फार जवळ पाडली तर मधला हाडाचा पूल ढासळतो.

पडदा कापताना आधी साचा घ्यावा. गोधडीला ठिगळ भोकापेक्षा मोठं लावतात, इथे उलट. ओला झाल्यावर पडदा फुगतो, म्हणून किंचित लहान कापायचा आणि आजूबाजूच्या कूर्चेच्या पातळीच्या जरा खालीच बसवायचा. कड वर आली की गुडघा वाकताना ती घासते आणि पडदा सोलून निघतो. खरखरीत बाजू हाडाकडे! ओल्या पडद्याच्या बाजू पटकन ओळखू येत नाहीत, त्यामुळे कोरडा असतानाच एका कोपऱ्यावर खूण करून ठेवलेली बरी. पडदा चिकटवणारा फायब्रिन ग्लू (रक्तातल्या प्रथिनाचा गोंद) घट्ट होऊ द्यावा, मग गुडघा अनेकदा पूर्ण वाकवून-सरळ करून पडदा हलला नाही ना ते बघावं आणि मगच टाके घ्यावेत.

पाय वाकडा असेल, लिगामेंट ढिली असेल किंवा मेनिस्कस (गुडघ्यातली कूर्चेची गादी) जवळपास काढून टाकलेला असेल, तर आधी किंवा त्याच वेळी ते दुरुस्त करावं लागतं. सगळ्या सांध्याची झीज झाली असेल तर पडदा वापरूच नये.

डुकराचं कोलॅजन आहे हे पेशंटला ऑपरेशनआधी, संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वी स्पष्ट सांगितलं पाहिजे. आपल्याकडे हा मुद्दा बारीक अक्षरात ठेवून चालत नाही.

मॅसी या दुसऱ्या पद्धतीत (अमेरिकेत मान्यता २०१६) पेशंटच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून पडद्यावर पेरतात. म्हणजे दोन ऑपरेशनं आणि मध्ये काही आठवड्यांची वाट. कूर्चेतल्या मोठ्या व्रणाला (खराब झालेल्या जागेला) ती पद्धत जास्त योग्य. मध्यम आकाराच्या, एकाच जागच्या व्रणाला कॉन्ड्रो-गाइड पुरतं. मात्र मांडीच्या हाडाच्या टोकावर दुरुस्ती झाली असेल तर साधारण ६ आठवडे कुबड्या घेऊन अर्धवटच भार द्यायचा आणि धावणं वर्षभर तरी विसरायचं. हे पाळणं जमणार नसेल, तर पडद्यावर पैसे घालू नयेत.