थेंब टाकायचा की वाफ द्यायची? सोलापुरात पेरोव्हस्काइट फिल्म करताना

एमएस्सीच्या प्रोजेक्टला पेरोव्हस्काइट सौर घट (खास स्फटिकरचनेच्या पदार्थाची पातळ फिल्म प्रकाश शोषून वीज देते तो घट) घेतलात, की पहिला निर्णय द्रावकाचा. फिरत्या काचेवरच्या द्रावणावर अँटिसॉल्व्हंटचा, म्हणजे क्षार न विरघळवणाऱ्या द्रावकाचा, थेंब टाकायचा, की तयार फिल्मला डीएमएफ या क्षार विरघळवणाऱ्या द्रावकाची वाफ द्यायची?

थेंबाचं काम अगदी सुरुवातीचं. लेड आयोडाइड आणि मेथिलअमोनियम आयोडाइड डीएमएफ आणि डीएमएसओ या दोन द्रावकांच्या मिश्रणात विरघळवलेले असतात. द्रावण नुसतं फिरवून सुकू दिलं तर मोजकीच केंद्रकं (स्फटिकांची बीजं) तयार होतात, ती सुयांसारखी वाढतात आणि मधे काच उघडी राहते. टोल्युइन, क्लोरोबेंझिन, इथाइल अ‍ॅसिटेट यांत हे क्षार विरघळत नाहीत, डीएमएफ मात्र सहज मिसळतं. त्यामुळे थेंब पडताच द्रावण अतिसंपृक्त होतं, असंख्य केंद्रकं एकदम जन्मतात आणि फिल्म सलग येते. डीएमएसओ लेड आयोडाइडला धरून ठेवतं, म्हणून मधली अवस्था थोडी टिकते. १०० अंशांच्या हॉटप्लेटवर ते उडालं की फिल्म काळी, चकचकीत होते. कोरियातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये टोल्युइन वापरून ही वाट मोकळी केली.

वाफ नंतर येते. हॉटप्लेटवरच्या फिल्मवर पेट्री डिश पालथी घालून आत थोडं डीएमएफ सोडतात. वाफेमुळे आयनांना हलायला वाव मिळतो, लहान दाणे मोठ्यांत विरतात. खडीसाखरेचंच तत्त्व: सवड मिळाली की स्फटिक मोठा. दाण्यांच्या सीमा घटतात, प्रभार अडकायच्या जागाही. पण वाफ जास्त झाली तर फिल्म पुन्हा विरघळून छिद्रं पडतात. शिवाय मुळात भोकं असलेली फिल्म वाफेवर भरवशाने सुधारत नाही. म्हणून एकच निवडायचं असेल तर थेंब घ्या. वाफ चांगल्या फिल्मवरच करून पाहा.

आता थेंब कशाचा? इथे सोलापूरचं हवामान मधे येतं. डायइथाइल इथर ३४.६ अंशांनाच उकळतं, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. एसी नसलेल्या प्रयोगशाळेत ते पिपेटमधूनच गळू लागतं, शिवाय भडकाही पटकन घेतं. मी ते उन्हाळ्यात हातातही घेणार नाही. क्लोरोबेंझिन १३२ अंशांना उकळतं, त्यामुळे हाताळायला सोपं, पण विषारी. फ्यूम हूडशिवाय (वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटाशिवाय) नकोच. माझी पसंती इथाइल अ‍ॅसिटेटला. ते ७७ अंशांना उकळतं, तुलनेने कमी घातक आहे, आणि थोडं पाणी स्वतःत सामावून घेत असल्याने जुलै-ऑगस्टच्या दमट हवेतही साथ देतं. शिसं मात्र सगळ्याच पद्धतींत आहे, हातमोजे आणि वेगळा कचराडबा हवाच.

थेंबाची योग्य वेळ काही सेकंदांचीच असते. उन्हात खोली तापली की द्रावण लवकर सुकतं आणि ती वेळ अलीकडे सरकते; जानेवारीत बसवलेला सेकंद एप्रिलमध्ये चालेलच असं नाही. प्रत्येक नमुन्याशेजारी खोलीचं तापमान आणि आर्द्रता वहीत लिहा, आणि ऋतू बदलला की थेंबाचा सेकंद पुन्हा शोधा.