चौक की पिरवाडी? आधी तिथी बघा

ठाण्याहून एका दिवसात जाऊन येण्यासारखा किनारा कुणी विचारला, तर मी दोन नावं सांगते: भाईंदरच्या पुढचं उत्तन-चौक आणि उरणची पिरवाडी. बरोबर म्हातारी माणसं किंवा लहान मुलं असतील तर पिरवाडी. निवांतपणाच हवा असेल तर चौक, आणि माझा जीव चौकवर आहे.

पिरवाडी आता सोपी झालीय. जानेवारी 2024 पासून लोकल थेट उरणपर्यंत जाते. ठाण्याहून नेरुळ, तिथे गाडी बदलायची, उरणला उतरून रिक्षा. गाड्या कमी आहेत, परतीची वेळ आधीच बघून ठेवा. बसायला ऐसपैस वाळू आहे, पण रविवारी गर्दी असते.

चौकला लोकल नाही. घोडबंदर रस्त्याने भाईंदर पश्चिम, तिथून बस. कोंडी टाळायची तर सकाळी सातच्या आत घर सोडा. पावसाळा सरल्यावर गेलात तर कोळीवाड्यात बांबूंवर बोंबील वाळत असतात, दोन-दोन, जबड्यात जबडा अडकवून टांगलेले. वास उग्र येतो, सोसत नसेल तर आधीच विचार करा. वर टेकाडावर धारावी किल्ल्याची जागा. समोर वसईच्या खाडीचं तोंड, पलीकडे वसई. पोर्तुगीजांकडून वसई घेण्याच्या 1739 च्या मोहिमेत मराठ्यांना ही जागा का हवी होती ते इथे उभं राहिलं की लगेच कळतं: खाडीत शिरणारी होडी इथल्या नजरेतून सुटत नाही.

खाली खडक आहेत, त्यांवर धारदार कालवं. मागे पट्टा असलेल्या चपलाच घाला. पोहायचा विचार नको.

आणि तिथी बघाच. अमावस्या-पौर्णिमेला आपल्याकडे दुपारी बाराच्या सुमारास भरती असते, संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी पार खाली जातं. अष्टमीला उलट. मी एकदा अमावस्येला सकाळी दहाला खाली उतरले, शिंपले बघण्यात रमले. परतताना आलो ती वाट पाण्याखाली गेलेली. गुडघाभर पाण्यातून, पायाने दगड चाचपत, भाच्याचा हात घट्ट धरून वर आले. त्याच्या पोटरीवर कालवाचा लांब ओरखडा उठला होता.

पिरवाडीला भरती असली तर वाळू कमी मिळते, इतकंच. चौकला मात्र वाटच जाते. म्हणून अमावस्या-पौर्णिमेला तिथे दुपारी वरच थांबा, चारनंतर उतरा आणि उजेड असेतो वर या.