गेमिंगसाठी ओलेड मॉनिटर: पैसे कुठे वसूल होतात, कुठे नाही

ओलेड मॉनिटर घ्यावा का, याचं उत्तर तो कोणत्या खोलीत आणि कशासाठी चालणार यावर ठरतं. संध्याकाळनंतर गेम आणि अधूनमधून सिनेमा एवढंच काम असेल, तर आज याहून चांगला पडदा बाजारात नाही. त्याच पडद्यावर दिवसभर ऑफिसचं काम उघडं राहणार असेल, तर आमचं मत वेगळं आहे.

२०२२ मध्ये डेलचा एलियनवेअर एडब्ल्यू३४२३डीडब्ल्यू आला, तेव्हा क्यूडी-ओलेड (रंगासाठी क्वांटम डॉट वापरणारा ओलेडचा प्रकार) मॉनिटर म्हणजे ३४ इंची वक्र पडदा आणि १७५ हर्ट्झ (सेकंदाला १७५ वेळा चित्र ताजं होणं), एवढीच निवड होती. आता २७ इंची १४४०पी (२५६०×१४४० पिक्सेल) पडदे २४० ते ३६० हर्ट्झला आणि ३२ इंची ४के (३८४०×२१६०) पडदे २४० हर्ट्झला सहज मिळतात. प्रश्न आता निवडीचा आहे.

पहिला फायदा काळ्या रंगाचा. साध्या आयपीएस (एलसीडीचाच प्रकार) पडद्याचा काँट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या आणि काळ्यातला फरक, साधारण १०००:१ असतो, म्हणून अंधाऱ्या गुहेतला काळा प्रत्यक्षात करडा दिसतो. मिनी-एलईडी, म्हणजे मागच्या प्रकाशाचे झोन वेगवेगळे मंद-तेज करणारा एलसीडी, ते बरंच सुधारतो. पण एओसीच्या क्यू२७जी३एक्सएमएनसारख्या मॉनिटरमध्ये प्रकाशाचे ३३६ झोन आहेत आणि पिक्सेल जवळपास ३७ लाख. त्यामुळे अंधारात पांढरा क्रॉसहेअर (नेम धरायची खूण) किंवा सबटायटल आलं की भोवती धूसर वलय उठतं. ओलेडमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतःच पेटतो आणि विझतो, वलयाचा प्रश्नच येत नाही.

दुसरा फायदा वेगाचा, आणि इथे पिक्सेलचा रंग बदलायला लागणाऱ्या वेळेच्या, खोक्यावरच्या ०.०३ मिलिसेकंदाच्या आकड्यापलीकडे बघायला हवं. एलसीडीत ओव्हरड्राइव्ह (पिक्सेलला जादा व्होल्टेज देऊन पटकन बदलायला लावणं) एका रिफ्रेश रेटला जमवला की दुसऱ्याला बिघडतो, आणि एफपीएस (गेमच्या सेकंदाला फ्रेम) खाली आले की हलत्या वस्तूमागे उलट्या रंगाची सावली दिसते. ओलेडला ओव्हरड्राइव्ह लागतच नाही, एफपीएस कितीही असोत. पण प्रत्येक फ्रेम पुढची येईपर्यंत पडद्यावर थांबते: ६० एफपीएसला १६.७ मिलिसेकंद, २४० ला ४.२. डोळ्यांना जाणवणारा धूसरपणा मुख्यतः या थांबण्यातून येतो. म्हणून ६० एफपीएसवर ओलेड चमत्कार करत नाही. उलट ३० एफपीएसचे कटसीन (गेममधली सिनेमासारखी दृश्यं) जास्त अडखळतात, कारण एलसीडीचा संथपणा जे झाकायचा ते आता उघडं पडतं. तुमच्या आवडत्या गेममध्ये १४४०पीला ग्राफिक्स कार्ड ७०-८० एफपीएसच देत असेल, तर आधी कार्डावर खर्च करा.

एचडीआरमध्ये, म्हणजे जास्त उजळ आणि गडद छटा दाखवणाऱ्या चित्रात, बहुतेक क्यूडी-ओलेडना दोन मोड असतात. ट्रू ब्लॅक ४०० मध्ये छोटा उजळ भाग साधारण ४५० निट्सपर्यंत (निट म्हणजे उजळीचं माप) जातो. पीक १००० मध्ये हजाराच्या आसपास, पण पडद्याच्या दोन-तीन टक्के भागातच. पूर्ण पांढरा पडदा २५० निट्सच्या आसपास थांबतो. परिणामी रात्रीच्या शहरात पीक १००० देखणा दिसतो, तर बर्फात किंवा वाळवंटात तोच मोड सगळं चित्र मंद करतो; तिथे ट्रू ब्लॅक बरा. विंडोज ११ चं एचडीआर कॅलिब्रेशन ॲप निवडलेल्या मोडमध्येच चालवा, मोड बदलला तर पुन्हा चालवा, आणि गेममधली पीक ब्राइटनेसही त्याच आकड्यावर ठेवा. डेस्कटॉपवर परतल्यावर विंडोज, ऑल्ट आणि बी एकत्र दाबून एचडीआर बंद करता येतो.

आता तक्रारींकडे. क्यूडी-ओलेडमध्ये बाहेरचा उजेड शोषणारा पोलरायझर थर नसतो, म्हणून समोर खिडकी किंवा डोक्यावर ट्यूबलाइट असेल तर काळा रंग जांभळट-करडा होतो. ज्या गोष्टीसाठी पैसे मोजले तीच गेली. उजेडाच्या खोलीत एलजीचं डब्ल्यूओलेड (ओलेडचा दुसरा प्रकार) पॅनेल काळा रंग जास्त चांगला राखतं. पुसताना फक्त मऊ मायक्रोफायबर कापड वापरा. काच पुसायच्या स्प्रेने कोटिंग खराब होऊ शकतं.

व्हीआरआर (गेमच्या एफपीएसनुसार पडद्याचा रिफ्रेश रेट बदलणारी सोय) चालू असताना लोडिंग स्क्रीनवर किंवा अंधाऱ्या दृश्यात पडदा लुकलुकतो. पॅनेल बिघडलेलं नसतं. दोन रिफ्रेशमधलं अंतर बदललं की गडद छटांची उजळी किंचित बदलते, आणि एफपीएस वरखाली उड्या मारत असले की ते डोळ्यांना दिसतं. एफपीएसला मर्यादा घाला, आणि तीही कार्ड सतत टिकवू शकेल अशी: ११० ते १६० मध्ये हेलकावे खात असेल तर ११०. तरीही थांबलं नाही तर त्या गेमपुरता व्हीआरआर बंद करा. २४० हर्ट्झला टेअरिंग (चित्र मधेच आडवं तुटल्यासारखं दिसणं) फारसं जाणवत नाही.

अक्षरांच्या कडांना रंगीत झालर दिसते, कारण या पॅनेलमधले उपपिक्सेल (पिक्सेलमधले लाल, हिरवा, निळा भाग) विंडोजच्या अक्षरं गुळगुळीत करणाऱ्या क्लिअरटाइपला अपेक्षित असलेल्या क्रमाने बसवलेले नसतात. २७ इंची १४४०पीवर इंचाला साधारण ११० पिक्सेल, तिथे झालर स्पष्ट दिसते. ३२ इंची ४केवर १४० होतात आणि त्रास कमी होतो. २७ इंची ४केवर १६६. वाचन बरंच असेल तर हाच घ्या.

बर्न-इनबद्दल, म्हणजे स्थिर चित्राचा कायमचा ठसा उमटण्याबद्दल, भीती फार, नेमकी माहिती कमी. पिक्सेल जितका जळतो तितका झिजतो. टास्कबारचे पिक्सेल शेजाऱ्यांपेक्षा वेगळ्या गतीने झिजले की पट्टा उमटतो. म्हणून टास्कबार लपवा, वॉलपेपर काळा ठेवा, पाच मिनिटांत स्क्रीन बंद होऊ द्या, डेस्कटॉपची उजळी १२० निट्सच्या आसपास ठेवा. झीज सारखी करणारी पिक्सेल रिफ्रेश साधारण चार तासांच्या वापरानंतर, मॉनिटर स्टँडबायला गेल्यावर, काही मिनिटं चालते. आपल्याकडे काम झालं की भिंतीवरचं बटण बंद करायची चांगली सवय आहे, पण इथे तीच नडते: वीज गेली की प्रक्रिया अर्धवट राहते. बटण लगेच बंद करू नका, आणि वीज वारंवार जात असेल तर मॉनिटरही यूपीएसवर घ्या.

काही कंपन्या बर्न-इनसाठी तीन वर्षांची वॉरंटी देतात. ती तुमच्या भारतीय वॉरंटी कार्डावर शब्दशः लिहिलेली आहे का, हे पैसे देण्याआधी पाहा. परदेशातून स्वस्तात आणलेल्या मालाला इथे ती लागू होईलच असं नाही.

दिवसाचे आठ तास ऑफिस आणि दोन तास गेम असं गणित असेल, तर मिनी-एलईडी किंवा चांगला आयपीएस घ्या. जागा आणि पैसे असतील तर कामासाठी वेगळा साधा मॉनिटर ठेवून ओलेड फक्त गेमसाठी. गेमच मुख्य असतील, तर मध्यम कार्डाला २७ इंची १४४०पी २४० हर्ट्झ पुरेसा आहे. ३६० हर्ट्झसाठी जादा पैसे फक्त स्पर्धात्मक शूटर खेळणाऱ्यांनी मोजावेत. ४केला वरच्या श्रेणीचं कार्ड आणि अपस्केलिंग (कमी पिक्सेलचं चित्र मोठं करून दाखवणं) दोन्ही लागतं.

मॉनिटर आला की परत करण्याची मुदत संपायच्या आत अंधाऱ्या खोलीत पाच टक्के करड्या रंगाचा पूर्ण पडदा लावून उभे पट्टे बघा, मग पांढरा, लाल, हिरवा, निळा लावून मेलेले पिक्सेल शोधा. अगदी फिकट पट्टे नव्या पॅनेलवर असतात आणि वापराने कमी होऊ शकतात; गेममध्येही दिसणारे पट्टे असतील तर बदलून घ्या.