एकच मुखवटा, दोन कॉमिक्स: ‘सिव्हिल वॉर’ घ्यावं की ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’?

मार्व्हलच्या २००६च्या ‘सिव्हिल वॉर’मध्ये शिरू पाहणाऱ्याची पहिली अडचण म्हणजे ते एक पुस्तक नाही. मुख्य मालिका सात अंकांची. पण ती चालू होती तेव्हा मार्व्हलच्या बऱ्याच मोठ्या मालिकांनी आपापले अंक तिला जोडून दिले. सगळे गोळा करायला गेलात तर खिसाही रिकामा होईल आणि उत्साहही. म्हणून विचारणाऱ्यांना मी दोनच संग्रह पुढे करतो. एक म्हणजे मार्क मिलरने लिहिलेले आणि स्टीव्ह मॅकनिव्हनने काढलेले मूळ सात अंक. दुसरा म्हणजे जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की आणि रॉन गार्नी यांचे ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’ ५३२ ते ५३८. हेही सातच. दोन्हींच्या पोटात एकच प्रसंग आहे: पीटर पार्कर, म्हणजे स्पायडर-मॅन, पत्रकार परिषदेत, कॅमेऱ्यांसमोर, मुखवटा काढतो.

पैसे एकाच संग्रहावर घालायचे असतील तर मी ‘अमेझिंग’ म्हणेन. सगळ्यांना मात्र नाही, कोणाला नाही ते पुढे येईलच. कथेतल्या महत्त्वाच्या गोष्टीही फुटणार आहेत, त्याची आधीच कल्पना देतो.

२०१६चा सिनेमा पाहून इकडे आला असाल तर तो थोडा बाजूला ठेवा. सिनेमात भांडण संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीवरून आहे आणि स्पायडर-मॅन म्हणजे टोनी स्टार्कने, अर्थात आयर्न मॅनने, जर्मनीला नेलेला शाळकरी पोरगा. कॉमिकमध्ये कायदा अमेरिकेचा आहे आणि त्याचा रोख थेट गुप्त ओळखीवर आहे: खरं नाव सरकारकडे नोंदवा, प्रशिक्षण घ्या, सरकारच्या हाताखाली काम करा. नाहीतर गुन्हेगार ठरा. इथला पीटर मोठा झालेला आहे. शाळेत शिकवतो, लग्न झालंय, आणि बायको मेरी जेन व त्याला वाढवणारी आंट मे यांच्यासह टोनीच्याच टॉवरमध्ये राहतो. गमावण्यासारखं त्याच्याकडे बरंच काही आहे.

ठिणगी दोन्हीकडे तीच. ‘न्यू वॉरियर्स’ नावाची तरुण टोळी रिअ‍ॅलिटी शोसाठी कनेटिकटमधल्या स्टॅमफर्ड गावात खलनायकांवर छापा घालते. त्यांतला नायट्रो शाळेजवळ स्वतःचा स्फोट करतो. सहाशेहून जास्त माणसं मरतात, त्यांत शाळेतली मुलंही. देश चिडतो, कायदा येतो. आयर्न मॅन त्याच्या बाजूने, कॅप्टन अमेरिका विरुद्ध.

मिलर हे सगळं पहिल्याच अंकात उरकतो, आणि झकास उरकतो. कायदा मंजूर व्हायच्या आधीच कॅप्टनला पकडायचा प्रयत्न होतो. तो हेलिकॅरियरच्या, म्हणजे आकाशात तरंगणाऱ्या महाकाय तळाच्या, काचा फोडून उडी मारतो, खालून जाणाऱ्या लढाऊ विमानावर ढालीच्या आधाराने उभा राहतो आणि वैमानिकाला विमान पुढे न्यायला सांगतो. हे पान पाहून ज्याच्या अंगात काही सळसळत नाही त्याने सुपरहिरो कॉमिक वाचू नये, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. मॅकनिव्हनची रेघ स्वच्छ आणि बारकाव्यांनी भरलेली. डेक्स्टर व्हाइन्सची शाई आणि मॉरी हॉलोवेलचे रंग तिच्यावर चढले की गर्दीच्या चौकटीतही कोण कुठे आहे ते नीट कळतं. चित्रकार बदलायचा नाही म्हणून मार्व्हलने चौथ्या अंकापासून तारखा पुढे ढकलल्या आणि शेवटचा अंक २००७च्या फेब्रुवारीत आला. तेव्हाच्या वाचकांनी यावर खूप आदळआपट केली होती. आज संग्रह हातात घेतल्यावर तो निर्णय योग्यच वाटतो.

मोठे धक्केही याच सात अंकांत आहेत. तिसऱ्यात टोनी बोलणी करायला हात पुढे करतो आणि कॅप्टन त्याच हातमिळवणीत त्याचं चिलखत निकामी करतो. चौथ्यात थॉरचा प्रयोगशाळेत बनवलेला प्रतिरूप बिल फॉस्टरला, म्हणजे राक्षसाएवढा मोठा होऊ शकणाऱ्या गोलायथला, मारून टाकतो. त्याचं शरीर पुन्हा लहान करता येत नाही, म्हणून ३८ कबरींची जागा विकत घ्यावी लागते. ही एक ओळ अख्ख्या मारामारीपेक्षा जास्त बोचते. मिलरला असं सुचतं, पण तो तिथे थांबत नाही, लगेच पुढच्या धमाक्याकडे पळतो.

माझी तक्रार इथेच आहे. दुसऱ्या अंकाच्या शेवटी पीटर मुखवटा उतरवतो. पान मोठं, भव्य, लक्षात राहणारं. पण १९६२पासून जी ओळख जिवापाड जपली ती हा माणूस आजच का उघड करतोय, याचं उत्तर त्या अंकात जवळजवळ नाहीच. तिथे तो फक्त टोनीच्या बाजूचं एक बडं नाव आहे.

ते उत्तर ‘अमेझिंग’च्या ५३२मध्ये मिळतं. त्या अंकात नाव घेण्यासारखी मारामारी नाही. टोनी सांगतो की नोंदणी कर आणि जगाला चेहरा दाखव, नाहीतर तूही फरारी. पीटर घरी येतो आणि ज्या दोन बायकांच्या जिवावर हे बेतणार त्यांनाच विचारतो. आंट मे घाबरेल, अडवेल, असं आपल्याला वाटतं. पण तिला जगाने आपल्या पोराला ओळखावं असं वाटतंय. मेरी जेनही पाठीशी उभी राहते. टोनीने किती घेतलंय या पोराला आपल्यात, हेही दिसत राहतं: राहायला जागा दिली, यांत्रिक हातांचा लाल-सोनेरी पोशाख दिला. ‘नाही’ म्हणणं किती अवघड आहे ते कुणी शब्दांत सांगत नाही, तरी कळतं. हे वाचून मुख्य मालिकेतलं ते पान पुन्हा उघडा. चित्र तेच, पण आता पोटात गोळा येतो.

५३३पासून उधारी वसूल व्हायला लागते. वर्तमानपत्राचा मालक जेमसन कोर्टात जातो, कारण इतकी वर्षं पीटरने स्वतःचेच फोटो त्याच्या पेपरला विकलेले. ५३५मध्ये टोनी पीटरला निगेटिव्ह झोनमधला, म्हणजे एका वेगळ्याच मितीतला, तुरुंग दाखवतो. नोंदणी न करणाऱ्यांना तिथे खटल्याशिवाय डांबलंय, आणि त्यातल्या काहींना पकडून देण्यात पीटरचाही हात आहे. त्याचं मन फिरतं ते इथे, आणि ते पटतं. मुख्य मालिकेत पाचव्या अंकात तो थेट टोनीशी भिडलेलाच दिसतो.

‘अमेझिंग’मध्ये खोटही आहे. लढाया बऱ्याचशा दुसऱ्या पुस्तकात होतात, त्यामुळे गोलायथचा मृत्यू इथे नुसता ऐकू आल्यासारखा येतो. पीटर आणि टोनीची झटापट दोन्हीकडे आहे, पण बारकावे जुळत नाहीत. ‘फॅन्टास्टिक फोर’ या चौकडीचा म्होरक्या आणि टोनीच्या बाजूचा शास्त्रज्ञ रीड रिचर्ड्स, त्याचं तर आणखी गमतीदार. इथे तो आपल्या काकाची गोष्ट सांगतो. कम्युनिस्टांच्या शोधात निघालेल्या संसदीय समितीपुढे काका नमला नाही आणि त्यातच उद्ध्वस्त झाला, म्हणून कायद्याशी झुंजू नये, असा रीडचा निष्कर्ष. पुढे ‘फॅन्टास्टिक फोर’ या त्याच्याच मालिकेत लेखक बदलला आणि रीडचं कारणच बदललं. तिथे तो समाजाचं भविष्य गणिताने काढत बसलाय. एकाच वेळी इतके लेखक कामाला लावले की असं होणारच.

गार्नीची चित्रं मॅकनिव्हनशेजारी ठेवली तर ओबडधोबड वाटतात. मला ती या कथेला शोभतात. थकलेला चेहरा त्याला छान जमतो.

तेव्हा ज्याने मार्व्हलचं काहीच वाचलेलं नाही, ज्याला स्पायडर-मॅनबद्दल विशेष ओढ नाही, किंवा ज्याला मुळात चित्रांसाठी कॉमिक हवं, त्याने मुख्य मालिका घ्यावी. ‘फ्रंट लाइन’ हा अकरा अंकांचा, दोन पत्रकारांच्या नजरेतून सांगितलेला तिसरा पर्यायही आहे. संकल्पना चांगली, पण शेवटच्या अंकात ती पत्रकार बाई कॅप्टनला ज्या प्रकारे झापते ते वाचून मी अजून चिडतो. तो सोडा.

दोन्ही संग्रह मिळत असतील तर ते एकामागून एक वाचू नका. मुख्य अंक १, मग ५३२, मग मुख्य अंक २, मग ५३३, असे विणत जा. ५३८ मुख्य मालिकेच्या सातव्या अंकानंतरच उघडा, आधी नाही. त्याच्या शेवटी आंट मेला गोळी लागते आणि कथा तिथेच लटकते. म्हणून ५३९ ते ५४३, म्हणजे ‘बॅक इन ब्लॅक’, हाताशी असू द्या. त्यानंतरच्या ‘वन मोअर डे’मध्ये सैतानाशी सौदा होतो, पीटरचं लग्न पुसलं जातं आणि जग त्याचा चेहरा विसरतं. ते फुकट मिळालं तर वाचा, विकत घेऊ नका.