आरओ की यूव्ही? कोल्हापुरात नळाचं पाणी पिणाऱ्यांसाठी

मेहुण्याने कळंब्याच्या बाजूला फ्लॅट घेतलाय. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला, "दाजी, आरओ बसवू का यूव्ही?" आरओ म्हणजे बारीक पडद्यातून पाणी दाबून क्षार काढणारं मशीन, यूव्ही म्हणजे अतिनील प्रकाशाने जंतू मारणारं. मी दोन्ही वापरलेत, २०१९ च्या पुरापर्यंत आरओ आणि त्यानंतर यूव्ही, म्हणून त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितोय.

पहिलं म्हणजे पाणी कुठलं ते बघा. बोअरचं असेल आणि टीडीएस (एका लिटरमध्ये विरघळलेले क्षार किती मिलिग्रॅम, तो आकडा) ५०० च्या वर जात असेल, भांड्यांवर पांढरे डाग पडत असतील तर आरओच घ्या, कारण विरघळलेले क्षार, नायट्रेट, फ्लोराईड यातलं काहीच यूव्ही काढत नाही आणि पाणी उकळूनही ते जात नाहीत. बऱ्याच अपार्टमेंटमध्ये उन्हाळ्यात टाकीत बोअरचं पाणी मिसळतात, तेही वॉचमनला विचारून घ्या.

पण नुसतं महापालिकेचं पाणी असेल तर गोष्ट वेगळी. ते पंचगंगेचं, किंवा २०२३ पासून थेट पाईपलाईनने आलेलं काळम्मावाडीचं, म्हणजे धरण-नदीचं गोडं पाणी. आमच्या नळाला टीडीएस दीडशेच्या आतच दाखवतो. तिथं भीती क्षारांची नाही, जंतूंची आहे. पाणी शुद्ध होऊन निघालं तरी वाटेत जुनी लाईन कुठंतरी गटारीशेजारी फुटलेली असते, आणि पाणी बंद झालं की पाईपमधला दाब जातो आणि बाहेरची घाण आत ओढली जाते. सकाळचं पहिलं गढूळ, वास मारणारं पाणी येतं ना, त्यात बऱ्याचदा हेच असतं. इचलकरंजीत २०१२ ला काविळीची साथ आली ती आपल्याला लांबची नाही. हिपॅटायटिस ई सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातून पसरतो आणि असला विषाणू टीडीएस मीटरवर दिसत नाही. म्हणून आकडा कमी आहे म्हणजे पाणी चांगलं असं समजू नका, आणि आकडा दाखवून कोणी घाबरवलं तर घाबरूही नका.

घाबरवतात तर कसं बघा. आमच्याकडे एकजण डेमोला आलेला, दोन ग्लासात वायरीच्या पट्ट्या सोडल्या, नळाचं पाणी मिनिटात तांबडं-काळं झालं आणि आरओचं तसंच राहिलं. आईने त्या दिवशी नळाचं पाणी प्यायचंच बंद केलं. नंतर कळलं की तो गाळ त्या लोखंडी पट्ट्यांचाच असतो, क्षार असले की पाण्यातून करंट जातो आणि पट्टी झिजते, आरओच्या पाण्यात क्षारच नसतात म्हणून काही होत नाही. त्याच डेमोवर आम्ही आरओ घेतला होता.

चांगला चालला तो, खोटं नाही बोलणार. पण सिंकखालची ती बारीक नळी! कळशीभर प्यायचं पाणी आलं की दोन-अडीच कळशा बाहेर. आई तिथं बादली लावायची, बादली भरली की धुण्याला, फरशीला, मग दुसरी, रात्री विसरलं की सकाळी किचनभर पाणी. तरी चालवून घेतलं. मग २०१९ चा पूर आला, उपसा केंद्रं पाण्यात गेली, सगळ्या शहराचं पाणी बंद, आणि आम्ही टँकरच्या रांगेत उभं राहून तिसऱ्या मजल्यावर कळशा चढवत होतो. लाईट आल्यावर आरओ सुरू केला आणि वर आणलेल्या पाण्यातलं निम्म्याहून जास्त त्या नळीतून जाताना बघितलं, त्या दिवशीच ठरलं. त्याच वर्षी हरित लवादानेही टीडीएस ५०० च्या आत असेल तिथं आरओवर बंदी घाला असं पर्यावरण मंत्रालयाला सांगितलं होतं, ते मला नंतर वाचायला मिळालं.

यूव्हीत पाणी वाया जात नाही आणि चवही नळाचीच राहते. आरओच्या पाण्याचा चहा मला तरी पांचट लागायचा, तुम्हाला कदाचित नाही लागणार. पण यूव्ही घेऊन निवांत बसता येत नाही. पाणी गढूळ असलं की गाळाच्या कणांआड जंतू लपतात आणि प्रकाश तिथं पोचत नाही, त्यामुळे जून ते सप्टेंबर आम्ही आधी तुरटी फिरवतो, पाणी निवळू देतो आणि यूव्हीच्या आधी लागणारा गाळाचा फिल्टर लवकर बदलतो. ट्यूबही पेटलेली दिसली तरी वर्षाने बदलायची, तिचा जोर कमी होत जातो. लाईट नसली की उकळून प्यायचं. आणि मशीनमधून निघालेल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही, म्हणून ते दोन-दोन दिवस साठवायचं नाही, मग मशीन कुठलंही असो.

मेहुण्याचा कल अजून आरओकडेच आहे, त्याच्या शेजाऱ्यांकडे सगळ्यांकडे तोच आहे म्हणे. रविवारी मीटर घेऊन जाणार आहे त्याच्याकडे, नळाचं आणि टाकीचं पाणी वेगवेगळं मोजायला. टाकीचा आकडा नळापेक्षा फारच वर गेला तर बोअर मिसळतंय, मग मी त्याला अडवणार नाही.