फोम, प्रिंट की ओढलेलं प्लास्टिक? चिलखत करायला घेण्याआधी

विज्ञानपटातल्या चिलखताची प्रतिकृती पहिल्यांदाच करणारे बहुतेक जण विचारतात, "त्यातल्या त्यात सोपं काय?" मी त्यांना उलट विचारतो, की तयार झाल्यावर ते चिलखत किती मार खाल्लेलं दिसायला हवं? चिलखताकडे लक्ष जातं त्याच्या आकारामुळे. ते खरं वाटतं मात्र कडांवर उडालेल्या रंगामुळे, खाचांत साचलेल्या मळामुळे आणि कोपरापाशी झालेल्या ओरखड्यांमुळे. हा जुनेपणा सगळ्या साहित्यावर सारखा चढत नाही. फोमवर पाच मिनिटांत जमणारी गोष्ट प्रिंटवर दोन दिवस खाते, आणि प्रिंटवर सहज येणारी धातूची झाक फोमवर दोनदा वाकवल्यावर तडकते. म्हणून साहित्य निवडताना रंगकामापासून मागे मागे विचार करत या.

मी फोम, थ्रीडी प्रिंट आणि साच्यावर ओढलेलं प्लास्टिक अशा तिन्ही प्रकारांनी चिलखतं केली आहेत. त्या अनुभवावरून लिहितो.

फोम

ईव्हीए फोम म्हणजे व्यायामाच्या चटईत आणि चपलांच्या तळव्यात असतो तोच. छाती, पाठ, मांड्या यांना ६ ते १० मिमी जाडीचा लागतो, वरच्या पट्ट्या आणि बारीक नक्षीला २ मिमीचा. अवजारं तीनच: कटर, हीट गन आणि चपला चिकटवायचं पिवळं सोल्यूशन. सोल्यूशन दोन्ही कडांना लावायचं आणि बोटाला चिकटेनासं होईपर्यंत, म्हणजे दहाएक मिनिटं, थांबायचं. मग जोड दाबायचा. एकदा टेकला की तो सरकवता येत नाही, म्हणून आधी खुणा करून ठेवा. कटरचं पातं मात्र सढळ हातानं बदला. पातं बोथट झालं की फोम कापला न जाता फाटतो आणि काठ दातेरी होतो. तो दातेरीपणा पुढे कितीही प्रायमर (रंगाआधीचा थर) मारला तरी झाकत नाही.

हीट गन फिरवली की फोमची छिद्रं मिटतात आणि पृष्ठभागावर किंचित चकाकी येते. गरम असतानाच तुकडा गुडघ्यावर वाकवून धरला की थंड झाल्यावर तो बाक तसाच राहतो. सपाट पत्र्यातून खांद्याची वाटी तयार होताना पाहणं हा या कामातला सगळ्यात मोठा आनंद आहे, आणि तो पहिल्याच दिवशी मिळतो.

फोमची उणीव कडांत आहे. यंत्रावर घडवल्यासारखी धारदार, सरळ कड त्याला येत नाही. मोठा गुळगुळीत भाग केला तर उजेडात हलक्या लाटा दिसतात. साधं नख लागलं तरी खळगा पडतो.

थ्रीडी प्रिंट

इथे प्रिंटर वितळलेलं प्लास्टिक थरावर थर चढवत भाग तयार करतो, म्हणून आकार हुबेहूब येतो. हेल्मेटवरची बारीक जाळी, गळ्यापाशीचे खाचे, पट्ट्यांवरचे स्क्रू, सगळं फाइलमध्ये आहे तसं उतरतं. पण ३० सेंमी उंचीचं हेल्मेट ०.२ मिमीच्या थरांनी छापायचं म्हणजे पंधराशे थर. घरगुती प्रिंटरचा पलंग, म्हणजे ज्यावर प्रिंट उभं राहतं तो पाट, बरेचदा २२० बाय २२० मिमीचा असतो, त्यामुळे छातीचा भाग तर चार-सहा तुकड्यांतच करावा लागतो. प्रिंटर रात्रभर चालतो म्हणून काम आपोआप होतंय असं वाटतं. खरं काम प्रिंट हातात आल्यावर सुरू होतं: १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासणं, लांबी (खळगे बुजवायची पुट्टी) भरणं, पुन्हा घासणं, भरणारा प्रायमर, मग २२०, मग ४००. एका हेल्मेटला माझे दोन रविवार सहज जातात. ज्याला घासकामाचा कंटाळा आहे त्यानं पूर्ण अंगाचं प्रिंट हाती घेऊ नये, हे मी अगदी कळकळीनं सांगतो.

आणखी एक गोष्ट आधीच ठरवायची. छापायला सर्वांत सोपं पडणारं पीएलए हे प्लास्टिक साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ पडायला लागतं. माझं एक हेल्मेट उन्हात उभ्या गाडीच्या मागच्या काचेखाली दुपारभर राहिलं. संध्याकाळी उचललं तर कपाळाची रेघ बोटभर खाली आलेली होती आणि हेल्मेटच्या काचेची चौकट वाकडी झाली होती. रंग मात्र जिथल्या तिथे, एकही तडा नाही. ते परत सरळ झालं नाही. तेव्हापासून अंगावरचे भाग मी पीईटीजी या दुसऱ्या प्लास्टिकमध्ये छापतो. ते साधारण ८० अंशांपर्यंत तग धरतं. पीएलए फक्त सावलीत राहणाऱ्या छोट्या भागांना.

ओढलेलं एबीएस

एबीएस या कडक प्लास्टिकचा पत्रा तापवून मऊ करून साच्यावर टाकायचा आणि खालून हवा खेचून घ्यायची, ही व्हॅक्यूम फॉर्मिंगची पद्धत. १९७७ साली आलेल्या 'स्टार वॉर्स'मधल्या पांढऱ्या सैनिकांची चिलखतं अशीच केली होती. त्यामुळे त्या जातीचं चिलखत करायचं असेल तर याच्याइतकं मूळच्या जवळ जाणारं दुसरं काही नाही. पत्रा बहुधा २ मिमीच्या आसपासचा असतो. एकसंध, गुळगुळीत, कडक.

घरी एवढं मोठं यंत्र उभारणं बहुतेकांना शक्य नसतं, म्हणजे तयार संच घ्यायचा आणि आपल्या अंगाला बसवायचा. खरी मेहनत या बसवण्यातच आहे. संच एका मापाचा आणि आपण दुसऱ्या. कटरनं ओरखडून मोडत मोडत कापायचं, मांडीचा घेर कमी करायचा, सांध्याखाली आतून पट्टी द्यायची. ई-६००० गोंद वाळायला एक ते तीन दिवस घेतो, तोवर चिमटे आणि चुंबकं लावून धीर धरायचा. कापलेले तुकडे टाकू नका. ते ॲसिटोनमध्ये विरघळवले की त्याच रंगाची लांबी तयार होते आणि फटी अशा बुजतात की शोधूनही सापडत नाहीत.

याशिवाय कागद दुमडून हेल्मेट करायचं आणि त्यावर फायबरग्लास आणि रेझिन (वाळून कडक होणारं द्रव) चढवायचं, अशी जुनी पद्धत आहे. हेल्मेट दगडासारखं होतं, पण रेझिनचा उग्र वास आणि अंगाला खाजणारे तंतू पाहता आता प्रिंट असताना मी कुणाला ती सुचवत नाही. वोर्बला हे साधारण ९० अंशांना मऊ होणारं प्लास्टिक दोन्ही दिशांनी वळणाऱ्या आकारांना उत्तम आहे. पूर्ण चिलखताला मात्र ते वजनानं आणि खर्चानं जड जातं.

अंगावर किती पडतं

वजनाचा हिशेब कागदावर मांडून पाहा. छाती-पोटाचा पाव चौरस मीटर भाग धरू. १० मिमी फोमचा केला तर साधारण पाव किलो. २ मिमी एबीएसचा केला तर अर्धा किलो. ३ मिमी जाडीचं भरीव पीएलए घेतलं तर जवळजवळ एक किलो. हा झाला एकच भाग. दंड, कोपर, पोटऱ्या, पाठ धरून पूर्ण संचाचा फरक काढलात तर तो सहाव्या तासाला खांद्यांवर कळतो. बसण्याचाही विचार करा. फोमची मांडी दबते, एबीएसची जांघेत रुतते, प्रिंटची तर मुळीच दबत नाही. कडक साहित्याला सांध्यांत जागा सोडावी लागते आणि तिथे आतला काळा पोशाख नीट दिसायला हवा. फोमला जागा कमी सोडली तरी चालतं.

जुनेपणा कुठे नीट बसतो

जुना करण्याआधी चिलखताची गोष्ट मनात पक्की करा. धूळ खालून वर चढते, म्हणजे पोटऱ्या छातीपेक्षा मळकट. पाण्याचे आणि तेलाचे ओघळ खालीच जातात. ज्या हातानं शस्त्र काढलं जातं त्या बाजूची मांडी जास्त घासलेली. रंग उडतो तो कडांवर आणि बाहेर आलेल्या भागांवर, खाचांत नाही. खाचांत मळ साचतो. हा एवढा विचार केला की सगळीकडे सारखे ठिपके उडवण्याची चूक होत नाही.

मळाचा वॉश म्हणजे काळा आणि तपकिरी ॲक्रिलिक रंग पाण्यात पातळ करून भागभर लावायचा आणि ओल्या फडक्यानं वरचा पुसून घ्यायचा. पुसताना वरून खाली पुसा, उरलेला रंग ओघळासारखा दिसतो. फोमवर हा वॉश फार सुंदर बसतो, कारण प्रायमर केल्यावरही पृष्ठभाग थोडा खरबरीत राहतो. गुळगुळीत एबीएसवर तो थेंब होऊन घसरतो. तिथे आधी बारीक पॉलिश पेपर हलका फिरवावा नाहीतर मॅट वार्निश द्यावं लागतं.

प्रिंटवर वॉश म्हणजे परीक्षाच. माझ्या एका खांद्याच्या तुकड्यावर चार हात प्रायमर होता, बोट फिरवलं तर काच वाटावी असा. वॉश लावला, पुसला, खिडकीपाशी तिरका धरला. वाटीच्या उतारावर कपाटाच्या लाकडावर असतात तशा एकामागून एक बारीक तपकिरी रेषा, प्रत्येक थराची एक. जो भाग घासायचा राहिला होता तो मळानं बरोबर दाखवून दिला. म्हणून प्रिंट करणाऱ्यानं वॉशची चाचणी प्रायमरनंतर लगेच करावी, रंग पूर्ण झाल्यावर नाही.

उडालेल्या रंगाचं उलटं आहे. खाली चंदेरी, त्यावर पारदर्शक लेप, त्यावर हेअरस्प्रे, मग वर ॲक्रिलिकचा रंग. वाळल्यावर कोमट पाण्यानं ओलं करून ताठ ब्रशनं कडा घासल्या की वरचा रंग खऱ्यासारखा सोलून येतो. वरचा रंग पाण्यात मिसळणाराच हवा, नाहीतर पाणी खाली उतरतच नाही. प्रिंट आणि एबीएस दोन्हीवर हे छान होतं. फोमवर हेअरस्प्रेची पद्धत मी टाळतो. भाग वाकला की चंदेरी थरासकट पोपडा निघतो आणि आतून राखाडी फोम डोकावतो. फोमवर उडालेला रंग स्पंजनं काढावा: आधी गडद तपकिरी ठिपका, त्याच्या आत थोडा चंदेरी. कडांना पेन्सिलीच्या शिशाची पूड बोटानं चोळली की लोखंडाची झाक येते. ही पूड तिन्हींवर चालते, पण घासून काचेसारख्या केलेल्या प्रिंटवर ती जशी चमकते तशी कुठेच नाही.

खोल जखमा हव्या असतील तर फोमला तोड नाही. कटरनं फोमवर तिरकी चीर द्या आणि तिच्यावर हीट गन धरा. चीर हळूहळू ओठ उघडावेत तशी फाकते, कडा किंचित गोल होतात, आणि पात्यानं मारलेला घाव तलवारीचा वाटायला लागतो. हे सगळं प्रायमरच्या आधी. प्रिंटवर तोच घाव तापलेल्या सोल्डरिंग आयर्ननं करावा लागतो, आणि एबीएसवर हात जड पडला तर पत्रा आरपार जातो.

धुळीला सगळीकडे एकच उपाय: मुलतानी माती. चित्रीकरणातही धुळीसाठी हीच वापरतात. कोरडी माती मऊ ब्रशनं खाचांत भरा, जास्तीची फुंकून टाका, वरून मॅट वार्निशचा हलका फवारा. सोल्यूशन, ॲसिटोन, स्प्रे आणि घासकामाची धूळ या चारही वेळा वाफा आणि कण दोन्ही अडवणारा मास्क लावा, खिडकी उघडी ठेवा. यात तडजोड नको.

मग काय घ्यावं

पहिलंच चिलखत, लढून आलेला भाडोत्री योद्धा, दिवसभर अंगावर वागवायचं: शरीर फोमचं आणि फक्त हेल्मेट प्रिंटचं. माझी पहिली शिफारस हीच. लोक चेहऱ्याकडे आधी पाहतात, तिथे अचूकपणा हवा. अंगाला हलकेपणा हवा. दोन साहित्यांतला फरक झाकायचं काम मळ करतो. हेल्मेटवरचा वॉश आणि छातीवरचा वॉश एकाच वाटीतला, एकाच बैठकीत लावला की डोळ्यांना ते एकच चिलखत दिसतं.

पांढरा, स्वच्छ, शिस्तीतला सैनिक करायचा असेल आणि ५०१ वी लीजनसारख्या, 'स्टार वॉर्स'चे पोशाख करणाऱ्यांच्या, १९९७ पासून चाललेल्या स्वयंसेवी संघटनेत जायचं असेल, तर ओढलेलं एबीएस. त्यांच्याकडे प्रत्येक पोशाखाची लेखी नियमावली असते. संच घेण्याआधी ती ओळ न् ओळ वाचा, कारण बक्कल कुठे आणि पट्टा किती रुंद इथपर्यंत त्यात असतं.

पूर्ण प्रिंट फक्त त्यानं करावं ज्याला घासण्यात मन लागतं आणि ज्याचं चिलखत बहुतेक वेळ पुतळ्यावर उभं राहणार आहे. तिथे ते जे दिसतं त्याला दुसरं कुठलंच साहित्य पोचत नाही.

अजून ठरत नसेल तर तिन्हींचा तळहाताएवढा एकेक तुकडा मिळवा. त्यावर प्रायमर, चंदेरी, वरचा रंग, वॉश, पेन्सिलीचं शिसं, मुलतानी माती सगळं क्रमानं करा. मग ते तुकडे आठवडाभर पिशवीत किल्ल्यांबरोबर वागवा, रोज एकदा वाकवून पाहा आणि आठव्या दिवशी खिडकीपाशी शेजारी शेजारी ठेवा.